येण्याचं कारण

मी पोलीस पाटील आहे असं सांगितलं की परभणीच्या बसमध्ये शेजारची बाई हमखास विचारते, "तुमचे मालक का?" मालक नव्हं बाई, मीच! परीक्षा दिली, मुलाखत दिली, यादीत नाव लागलं. आमच्या घराण्यात कधी कुणी पाटील नव्हतं. विहाराच्या मागं आमचं दोन खोल्यांचं घर, आणि मानवतजवळच्या आमच्या गावची मी पोलीस पाटील. अंगावर खाकी नाही, हातात काठी नाही. एक ओळखपत्र, एक शिक्का आणि एक मोबाईल. गावात काही झालं तर आधी ठाण्याला कळवायचं आणि ठाण्याची माणसं येईपर्यंत गाव धरून ठेवायचं, एवढंच काम. एवढंच म्हणजे केवढं, ते मला त्या दिवशी कळलं. अजूनही सांगायला बसले की माझा आवाज चढतो, तेव्हा आधीच माफ करा.

आमच्याकडं 'गावाचा फोन' आहे. ठरलेल्या नंबरला फोन लावायचा, टूं वाजलं की बोलायचं, आणि आपण बोललेलं गावातल्या सगळ्या मोबाईलवर एकदम वाजतं. चोर आला, आग लागली, कुणी पाण्यात अडकलं, अशा वेळी वापरायचा. ठाण्यातून माणूस येऊन शिकवून गेला होता. बोलायला अर्धं मिनिट मिळतं. मग पुन्हा टूं वाजतं, आणि त्यापुढं कितीही बोला, ते तुमच्या तोंडातच राहतं.

आता माझी खोड सांगते. मला मान दिल्याशिवाय बोलताच यायचं नाही. सन्माननीय सरपंच, सन्माननीय उपसरपंच, ज्येष्ठ नागरिक, तरुण मित्र, माता-भगिनी, सगळ्यांना हात जोडून झाल्यावर मग बैल सुटलाय की म्हैस, ते. एकदा घाईत तंटामुक्तीच्या अध्यक्षांना विसरले. बैल तासाभरात सापडला, पण अध्यक्ष महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तंटामुक्तीचे अध्यक्ष, बरं का! त्यात मी बाई. पुरुषानं सरळ मुद्द्याला हात घातला तर तो रोखठोक. बाईनं घातला तर तिला लय माज आला. आमचे हे म्हणायचे, "तुझा नमस्कार सरंपतुर चोर मानवतला पोचंल." मी म्हणायची, "पोचू द्या. मानात कमी नको पडाय."

गावाबाहेर, मानवतच्या रस्त्याला, एक जिनिंग आहे. कापसातून सरकी काढायची मिल. तिच्या गेटवर एक वॉचमन होते, साठीचे, चुडाव्याचे. निळा शर्ट, खांद्यावर लाल दोरी, गळ्यात शिट्टी. हंगामभर गेटजवळच्या खोलीत राहायचे आणि आठवड्यातून एकदा रेल्वेनं घरी जायचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मामांचं आणि माझं पहिल्याच दिवशी वाजलं होतं. मिलमध्ये बाहेरगावचे कामगार आले होते, त्यांची माहिती घ्यायला मी गेले, तर मामांनी माझ्यापुढं रजिस्टर धरलं. सुतळीनं बांधलेला पेन, आणि पानावर रकाने आखलेले: नाव, गाव, मोबाईल, येण्याचं कारण, सही.

"मामा, मी पोलीस पाटील हाय. सरकारी माणूस."

"आसाल. हितं समदे पावणे. लिवा."

"सरकारी माणसानं तुमच्या खाजगी वहीत सही करायची व्हय?"

"न्हाई केली तर न्हाई. पर मग आत न्हाई."

अस्सा राग आला! गेटावरूनच परत फिरले आणि मॅनेजरकडून माहिती फोनवर घेतली. त्यानंतर रस्त्यानं जाताना मामा दिसले की हाक मारायचे, "सरकार, आज सही करता का?" मी चालता चालता सांगायची, "तुमचं राज्य गेटाच्या आत, माझं बाहेर. आपापलं सांभाळू." दोन वर्षं आमचं हेच चाललेलं होतं.

आणि मग तो आठवडा आला. सगळ्यांच्या मोबाईलवर एकच व्हिडिओ फिरायला लागला. पोरं पळवणारी टोळी आलीय, पांढऱ्या गाडीतून फिरतेत, पोरांचे डोळे काढतेत, किडन्या काढतेत. कुठला व्हिडिओ, कधीचा, कुणाला पत्ता नाही. ठाण्यातून मला सांगणं आलं, अफवा आहे, गावात समजावा. मी दारोदार फिरून समजावलंही. लोक माना डोलवायचे आणि मी वळले की पोरांना घरात ओढायचे.

त्या दिवशी सकाळी मी आमच्या तुकड्यात कापूस वेचत होते. शाळेतल्या हेडबाईंचा फोन आला. त्या लय खुशीत. एका संस्थेची गाडी अचानक आली होती, पोरांचे डोळे फुकट तपासायला. दुपारी मोठ्या माणसांचेही तपासणार. "गावाला कळवता का ओ?" म्हणाल्या. मला तर केवढा आनंद! म्हटलं, चला, या गावाच्या फोनवरून एकदा तरी चांगलं काहीतरी सांगू. बांधावर उभी राहिले, पदर सावरला, जसं काही समोर सभाच बसलीय, आणि टूं वाजल्यावर सुरू केलं.

"नमस्कार. मी आपल्या गावची पोलीस पाटील बोलत आहे. सन्माननीय सरपंच, सन्माननीय उपसरपंच, सन्माननीय तंटामुक्ती अध्यक्ष, सर्व सन्माननीय सदस्य, ज्येष्ठ नागरिक, तरुण मित्र आणि माझ्या माता-भगिनींनो, आपणा सर्वांना कळविण्यात येते की, आपल्या शाळेमध्ये बाहेरगावाहून एक पांढरी गाडी आलेली आहे. गाडीत दोन बाया आणि एक माणूस आहे. ते आपल्या मुलांचे डोळे..."

टूं.

मी पुढं सगळं बोलले. तपासणार आहेत, चष्मे देणार आहेत, लाभ घ्यावा, धन्यवाद. फोन कमरेला खोचला आणि पुन्हा कापसाला लागले. तेवढ्यात माझाच फोन वाजला. गावातला सगळ्यांचा वाजतो तसा माझाही वाजला. कानाला लावला, तर माझाच आवाज. काय ऐटीत बोलत होते मी! "ते आपल्या मुलांचे डोळे..." आणि बंद.

माझ्या हातातलं बोंड खाली पडलं. अगं बाई, काय केलंस तू हे!

पुन्हा नंबर लावला, लागेना. गावभर घंटा वाजवण्यात ती मशीन गुंतलेली. सरपंचांना लावला, ते बोलण्यात. यांना लावला, तर हे परभणीला, गाडीवर. गावाकडून आरडाओरडा ऐकू यायला लागला. मग हेडबाईंचा फोन आला. त्या रडवेल्या. "बाई, लोक काठ्या घेऊन शाळेकडं यायलेत. मी गाडीला मानवतला पळवलं. पण गाडीत आपल्याकडची एक पोरगी हाय. तिला फळ्यावरचं काहीच दिसत न्हाई, म्हणून मोठ्या मशीनवर न्यायची होती. संगं तिची आई हाय."

"बापाला ठाऊक हाय का?"

"त्यांच्या घरी एकच फोन, अन् तो बापाकडं."

संपलं! म्हणजे बापाला फक्त माझा निरोप मिळालेला. पांढरी गाडी आणि डोळे. मी चप्पल तिथंच टाकून धावत सुटले. धावता धावता ठाण्याला फोन लावला. ड्यूटीवरच्या हवालदारानं ऐकून घेतलं, म्हणाला, "जीप बंदोबस्तात हाय, काढतो लगेच, अर्धा तास तर लागंलच. तवर तुमी सांभाळा." तवर तुमी! अर्ध्या मिनिटात मी हे करून ठेवलेलं, आता अर्धा तास कुठून आणू?

आमच्या रानातून रस्ता दिसतो. गाडी आली धुरळा उडवत, आणि जिनिंगपुढं थांबली. थांबणारच की! कापसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर रांगेनं उभे, हंगामाचे दिवस. पुढं जायला वाट नाही, मागून माणसं येताहेत. ड्रायव्हर नुसता हॉर्न वाजवतोय. मी दोन रानं लांब. ओरडून ओरडून घसा फुटला तरी कुणाला ऐकू जाणार? आणि तेवढ्यात, डोळ्यांनी पाहिलं मी, जिनिंगचं मोठं गेट उघडलं, निळा शर्ट बाहेर आला, त्यानं गाडीला हातानं आत घेतलं आणि गेट लावून टाकलं. अख्ख्या हंगामात कापसाशिवाय दुसरी गाडी आत घ्यायची नाही असा मॅनेजरचा हुकूम होता. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "वा मामा!"

मी पोचले तेव्हा गेटापुढं साठेक माणसं असतील. काठ्या, वखराचे दांडे, कुणाच्या हातात दगड. सगळी माझ्या ओळखीची. कुणाच्या घरी बारशाला जेवले, कुणाच्या लग्नात नाचले. पण त्या वेळी कुणी माझ्याकडं बघेना. "गेट काढ! गाडी पेटवा!" आत कापसाचे ढीग, एक काडी पडली असती तर गाडी काय, मिल काय आणि आतली माणसं काय! पुढं त्या पोरीचा बाप. गेटाला दोन्ही हातांनी धरून नुसता हलवत होता. ओरडत नव्हता. तो ओरडत नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मोठ्या गेटात माणूस वाकून जाईल असं एक छोटं दार होतं. ते उघडून मामा बाहेर आले. एकटे. हातातली काठी सोडून आले होते, काखेत रजिस्टर. स्टूल मांडलं, स्टुलावर रजिस्टर, शेजारी पत्र्याचा डबा. एक शिट्टी फुंकली अशी, की माझ्या कानठळ्या बसल्या.

"आत जायचंय ना? जावा की. कोण अडवायलंय? एकेकानं यायचं. काडीपेट्या ह्या डब्यात. अन् हितं लिवायचं. नाव, गाव, मोबाईल, येण्याचं कारण. खाली सही."

लोक चकितच. एक जण म्हणाला, "म्हाताऱ्या, येड लागलं का तुला?"

"न्हाई. रोज हेच करतो. तू बी कापूस आणतो तवा सही करतोस का न्हाई? मग आज कामून न्हाई?"

मी तोवर कापसाच्या ट्रॉलीवर चढले होते. खाली सगळे चेहरे. तोंड उघडलं, आणि काय सांगू तुम्हाला, तोंडातून निघालं, "सन्माननीय सरपं..."

"बाई!" मामा खालून गरजले, "मुद्द्याचं बोला!"

"तपासायलेत!" मी किंचाळले. "डोळे तपासायलेत! काढायले न्हाईत, तपासायलेत! माझा फोन मधीच कटला. चूक माझी हाय. शाळेत डोळे तपासायची गाडी हाय ती, चष्मे द्यायलेत!"

आयुष्यात पहिल्यांदा मान न देता बोलले. आणि लोकांनी ऐकलंही. पण ऐकणं वेगळं आणि विश्वास ठेवणं वेगळं. "मघा एक बोलली, आता दुसरं बोलायली," कुणीतरी म्हणालं. मागून एक दगड आला आणि गेटावर ठाणकन् आदळला. मी खाली उडी मारली आणि मामांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आत दोन बाया आणि एक ड्रायव्हर होते, ज्यांनी आमच्या गावाचं काहीच बिघडवलं नव्हतं, आणि त्यांच्या आणि या काठ्यांच्या मधे निळ्या शर्टातले मामा, मी आणि एक रजिस्टर. बस्स.

मामा बापाकडं वळले. आवाज एकदम खाली आणला. "लेक तुझी हाय ना आत? तुझा हक हाय. लिव अन् जा. एकटा जा, डोळ्यानं बघ, अन् मग ह्या समद्यांना तूच सांग."

बापानं पेन घेतला. एकेक अक्षर जोडत त्यानं लिहिलं. सही झाली. मामांनी पान वर करून बघितलं, मान हलवली आणि छोटं दार उघडलं. तो वाकून आत गेला.

"हां, पुढचा कोण?" मामांनी पेन पुढं धरला.

पुढं जो दगड घेऊन उभा होता, तो म्हणाला, "काय लिवू?"

"कशाला आलास ते लिव."

तो पेनाकडं बघायला लागला. मग दगडाकडं. मग मागच्याकडं. मागचा म्हणाला, "तू लिव ना, माझ्याकडं कामून बघायलास?" मी बघत होते, खोटं नाही सांगत, त्या रकान्यानं काय जादू केली! मघा सगळे मिळून एक होते. आता जो तो आपलं आपलं नाव घेऊन उभा राहिला. कुणी दगड हळूच चप्पलेखाली घेतला. मागच्या बाजूनं दोघं-तिघं रानाची आठवण झाल्यासारखे सटकले. तंटामुक्तीचे अध्यक्ष तर मला दिसलेच नाहीत असं मी अजूनही धरून चालते.

आणि मग दार उघडलं. बाप बाहेर आला, लेक कडेवर. चौथीतली पोर, कडेवर घ्यायच्या वयाची नव्हे, पण त्यानं घेतली होती. तिच्या नाकावर तपासायचा तो गोल काचांचा जड लोखंडी चष्मा तसाच. ती आजूबाजूला बघतेय, बघतेय, आणि मोठ्यांदा म्हणाली, "बा, मला समद्यांची तोंडं दिसायलीत!"

कुणाला वर बघवेना. बाप तिथंच खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला. मीही रडले, हसलेही, दोन्ही एकदम. मागून तिची आई आली, तिनं पुढच्याच एकाच्या हातातला दांडा काढून घेतला आणि गर्दीला अशा काही शिव्या घातल्या, की पोलिसांची गरजच उरली नाही.

पोलीस आले, पण तोवर रस्त्यावर फक्त ट्रॅक्टर होते. फौजदारांनी विचारलं, "जमाव कुणी आवरला?" मी मामांकडं बोट दाखवलं, मामांनी माझ्याकडं. मग मामांचा फोन वाजला. मॅनेजर. कुणाला विचारून गेट उघडलं म्हणून आवाज असा, की फोन लांब धरला तरी सगळं ऐकू येत होतं. मामा नुसतं "जी, जी" करत होते. मघा साठ जणांपुढं उभा राहिलेला माणूस एका फोनपुढं वाकला, ते मला बघवेना. फोन हिसकावून घेतला मी. "गेट उघडलं त्याचा जिम्मा माझा. पोलीस पाटील बोलायले. लेखी पायजे? घ्या." तिथंच कागदावर लिहिलं, गाडी माझ्या जिम्म्यावर आत घेतली, आणि घरून शिक्का आणायला लावून वर मारला. फौजदारांनीही खाली सही केली. म्हणाले, "आमी वेळेवर पोचलो न्हाई, तर आमचं बी नाव ऱ्हाऊ द्या त्यात."

दुपारी गाडी तिथंच, जिनिंगच्या शेडखाली थांबली आणि गावातले लोक डोळे तपासायला आले. हो, तेच लोक! मान खाली घालून, रजिस्टरमध्ये एकेक ओळ लिहून. गाडीतल्या एका बाईनं मामांनाही खुर्चीवर बसवलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. मी गेटाबाहेरच होते; मामांनी परत येऊन सांगितलं.

"म्हणजे मामा, तुमाला दिसतच न्हाई?"

"दिसतंय की. माणूस दिसतंय. अक्षर न्हाई दिसत, दोन वरसं झाली. कुणाला सांगू नगा बाई, नोकरी जाईल." मग हळूच म्हणाले, "त्या गड्यानं काय लिवलं ते तेवढं वाचून दाखवा. मघा नुसतीच मान हालवली म्या."

मला हसू आवरेना. ज्या वहीचा धाक साठ जणांना घातला, ती त्यांना स्वतःला वाचता येत नव्हती! हसत हसतच मी पान उलटलं. त्या घटकेची एकच ओळ. साठ माणसांतून एकानं नाव लिहिलेलं. अक्षर वाकडंतिकडं. मला वाटलं, कारणापुढं 'लेक' लिहिलं असेल. मी मोठ्यानं वाचलं.

"येण्याचं कारण: पोलीस पाटलीणबाईचा निरोप आला म्हणून."

माझं हसू तिथंच थांबलं. खोटं काय होतं त्यात? तो घरी बसला होता बिचारा. मीच बोलावलं त्याला, सगळ्यांना मान देऊन, सन्माननीय म्हणून बोलावलं. मामांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. पेनाची सुतळी सरळ केली आणि पेन माझ्या हातात दिला. या वेळी "सरकार" म्हणाले नाहीत.

दोन वर्षं जी सही केली नव्हती, ती आता सगळ्यांच्या खालच्या ओळीत केली. नाव, गाव, मोबाईल. शेवटच्या रकान्यापाशी हात थांबला. मग लिहिलं.

"काय लिवलं?" मामांनी विचारलं.

"अर्धा राहिलेला निरोप पुरा करायला."

"हां," मामा म्हणाले, आणि छोटं दार उघडलं. "आता या आत."